आकाशाला कुंपण

१३ जून २०२५ रोजी मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतूनच माघारी फिरले आणि ज्या विमानतळावरून उडाले त्याच विमानतळावर येऊन उतरले. त्याच दिवशी न्यूयॉर्कहून मुंबईकडे येत असलेले विमान जेद्दाला उतरविण्यात आले. यंत्रातील बिघाड हे त्याचे कारण नव्हते, आणि वादळही नव्हते. इस्रायलने इराणवर हल्ला चढविला होता आणि इराणने आपले आकाश बंद केले होते. आदल्याच दिवशी अहमदाबादला घडलेल्या भीषण विमान अपघाताने सारा देश सुन्न झालेला असल्यामुळे या बातमीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि ते स्वाभाविकही होते. तरीही ती बातमी पुन्हा एकदा काढून वाचण्याजोगी आहे, असे आम्हास वाटते. मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब, या साध्या प्रश्नाचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात सापडत नाही, हे त्या दिवशी त्या विमानांतील उतारूंना कळून चुकले असेल.

पुस्तकातले उत्तर तसे सोपे आहे. शाळेतील पृथ्वीगोल घ्यावा, एका दोऱ्याचे टोक मुंबईवर व दुसरे न्यूयॉर्कवर धरावे आणि दोरा ताणावा. तो दोरा सुमारे १२,५४० किलोमीटरांचा रस्ता दाखवील. भिंतीवरच्या नकाशावर अमेरिका आपल्या पश्चिमेला दिसते, म्हणून विमान अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर किनारा आणि मग अटलांटिक महासागर असे जात असेल, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. दोरा मात्र मुंबईहून जवळजवळ उत्तरेलाच निघतो. सिंधमधून कंदाहारच्या बाजूने तो तुर्कमेनिस्तानात शिरतो, कझाकस्तानचे पश्चिम टोक व रशियाची विस्तीर्ण मैदाने ओलांडून सेंट पीटर्सबर्ग व हेलसिंकीच्या आसमंतातून नॉर्वे गाठतो, मग आइसलँडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर उतरतो, आणि तेथून खाली न्यूयॉर्क. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हा रस्ता चौदा तासांत संपावयास हवा.

प्रत्यक्षात न्यूयॉर्कला जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात व येताना त्याहून कमी. तिकिटावरच्या वेळा पाहून मात्र याचा काहीच बोध होत नाही. मध्यरात्रीनंतर मुंबई सोडलेला उतारू त्याच दिवशी सकाळी न्यूयॉर्कला पोहोचतो. दोन्ही शहरांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ व हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असल्यामुळे, सहा-सात तासांतच अमेरिका आली असे कागदावर दिसते. परत येताना तेच घड्याळ वसुली करते आणि एक अख्खा दिवस गिळून टाकते. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या मुलाच्या आईला हा हिशेब समजावून सांगताना आमच्यापैकी अनेकांची तारांबळ उडालेली आहे.

जाताना अधिक व येताना कमी वेळ लागण्याचे मूळ वाऱ्यात आहे. सुमारे दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वाऱ्यांचा प्रवाह अखंड वाहत असतो. त्याच्या पाठीवर बसलेले विमान झपाट्याने पुढे जाते, आणि त्याच्या तोंडावर चालून जाणारे इंधन जाळीत रेंगाळते. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठे वादळ घोंघावत असताना ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत जाऊन पोहोचले. एरव्ही त्याच प्रवासास साडेसहा-सात तास लागतात. ५,५४० किलोमीटरांतला एकही किलोमीटर कमी झालेला नव्हता, वारा तेवढा वाढला होता.

किनाऱ्यावरच्या माणसाला हे नव्याने सांगावयाला नको. वास्को द गामा २४ एप्रिल १४९८ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदी सोडून निघाला आणि २० मे रोजी कालिकतला नांगर टाकून मोकळाही झाला. त्याच वर्षी परतताना तो आमच्या काणकोणच्या दक्षिणेकडील अंजदीव बेटावर थांबला व ५ ऑक्टोबरला तेथून निघाला. मालिंदीला पोहोचेपर्यंत १४९९ सालचा जानेवारी उजाडला होता. वारा फिरण्याची वाट न पाहता निघालेल्या त्या तांड्यातील कितीतरी खलाशी वाटेतच दगावले. समुद्र तोच आणि अंतरही जवळपास तेच, परंतु एकीकडे सव्वीस दिवस आणि दुसरीकडे तीन महिने. मोसमी वाऱ्यावर शिडे सोडणाऱ्या आमच्या पूर्वजांनी अंतर कोसांत न मोजता दिवसांत मोजले, ते उगाच नव्हे.

वाऱ्यावर कोणाची मालकी नसते. तो कोणावर रागावत नाही, की कोणाला धडा शिकवावयास निघत नाही. म्हणून त्याचा हिशेब मांडता येतो, आणि वेळापत्रक आखणारे तो मांडतातही. त्यांचा हिशेब चुकतो तो दुसऱ्याच एका गोष्टीपाशी, आणि हा लेख लिहिण्याचे प्रयोजनही तीच गोष्ट आहे.

मुंबई ते न्यूयॉर्क या रस्त्यात सर्वांत निर्धोक टप्पा कोणता, असे विचारले तर बहुतेकजण जमिनीवरचा टप्पा सांगतील. महासागर म्हटला की भय आलेच. एके काळी ते यथार्थही होते. १९१९ च्या जून महिन्यात अल्कॉक व ब्राऊन या जोडीने न्यूफाउंडलंडहून उडून सुमारे सोळा तासांनी आयर्लंडमधील दलदलीत आपले विमान नाकावर उतरविले, तेव्हा तो साऱ्या जगात पराक्रम गणला गेला. आज आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांमधील सुमारे तीन हजार किलोमीटरांचे पाणी विमानातील उतारू झोपेतच पार करतात. त्या पाण्यावरचे आकाश कोणत्याच राष्ट्राच्या मालकीचे नाही. पूर्वेकडील अर्ध्या भागाची वाहतूक ब्रिटन व आयर्लंड मिळून सांभाळतात आणि पश्चिमेकडील अर्ध्याची व्यवस्था कॅनडातील गँडर येथून होते. वारा पाहून मार्ग आखून देणे एवढेच त्यांचे काम आहे. वैमानिकाला तुझा देश कोणता असे तेथे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न जमिनीवरच्या आकाशात विचारला जातो. ज्या महासागराची पूर्वी धास्ती होती तो आता खुला आहे, आणि वाट अडते ती कंदाहारपाशी, तेहरानपाशी, नाहीतर कराचीच्या दारात.

या अडवणुकीला कायद्याचा आधार आहे, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशाची संपूर्ण व अनन्य सत्ता बहाल केली. त्याच्याच जोडीला दुसरा एक करार झाला. सही करणाऱ्या देशांनी एकमेकांच्या नागरी विमानांना आपल्या आकाशातून जाऊ द्यावे व गरज पडल्यास इंधनासाठी उतरू द्यावे, असे त्यात ठरले. भारत व पाकिस्तान हे दोन्ही देश त्या दुसऱ्या करारात सामील आहेत. एका हाताने दरवाजा उघडा ठेवण्याचे वचन आणि दुसऱ्या हातात कुलपाची किल्ली, असा हा प्रकार आहे. रागाच्या भरात कोणता हात पुढे येणार हे सांगण्यासाठी ज्योतिषी नको.

वास्तविक या खात्यावरील आपल्या दोन देशांची जमाखर्चाची वही फार जुनी आहे. १९५२ साली दिल्लीहून काबूलला जाणारी भारतीय विमाने पाकिस्तानने अडविली तेव्हा भारतानेच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे धाव घेतली होती. त्या संघटनेपुढे आलेली ती पहिलीच तक्रार. पुढे तडजोड झाली व वाट मोकळी झाली. १९७१ साली भूमिका उलटल्या. ३० जानेवारीला ‘गंगा’ हे आपले लहानसे फोकर विमान पळवून लाहोरला नेण्यात आले व तेथे ते जाळण्यात आले. भारताने ४ फेब्रुवारीपासून पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. कराची ते ढाका हे सुमारे २,३५० किलोमीटरांचे अंतर एका रात्रीत दुपटीहून अधिक झाले, कारण विमानांना कोलंबोवरून समुद्राला वळसा घालून जावे लागू लागले. पाकिस्तानने संघटनेकडे तक्रार केली. तिची सुनावणी करण्याचा अधिकारच संघटनेला नाही, असे म्हणत भारत हेगच्या न्यायालयात गेला आणि १८ ऑगस्ट १९७२ रोजी तो मुद्दा हरला. परंतु तोपर्यंत ढाका ही बांगलादेशची राजधानी झालेली होती, आणि तक्रारीत काही अर्थ उरला नव्हता. १९७६ मध्ये उभय देशांनी ती काढून घेतली.

त्या खेपेस आकाश बंद करणे हे नुसते रुसणे नव्हते. सैन्य व सामुग्री पूर्वेकडे नेण्याची शत्रूची वाट त्यामुळे लांब व खर्चिक झाली, हे इतिहास मान्य करतो. त्यानंतरच्या प्रसंगांविषयी मात्र इतक्या खात्रीने काही बोलणे कठीण आहे. संसदेवरील हल्ल्यानंतर २००२ च्या प्रारंभी दोन्ही देशांनी आकाश बंद केले व दोन वर्षांनी उघडले. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले. त्यापायी २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड बसला, अशी माहिती सरकारने राज्यसभेत दिली, आणि पाकिस्तानच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी आपल्या देशाचे साडेआठशे कोटी पाकिस्तानी रुपये बुडाल्याचे सांगितले. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ निरपराध माणसांची हत्या झाली. भारताने सिंधू जलकरार स्थगित करण्यासारखी कडक पावले उचलली, त्याला उत्तर म्हणून २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना दार लावले, ३० एप्रिलला आपणही लावले, आणि पुढे दर महिन्याला मुदत वाढविल्याची दोन ओळींची बातमी छापण्याचा प्रघातच पडून गेला.

या कहाणीत दैवाची एक थट्टाही आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युरोपीय देशांच्या विमानांना आपले आकाश बंद केले, आणि अमेरिकेशीही तेच झाले. भारताशी रशियाचे वैर नसल्यामुळे आपल्या विमानांना ती वाट खुली राहिली. अमेरिकेच्या युनायटेड कंपनीला मार्च २०२२ मध्ये नेवार्क–मुंबई ही सेवा थांबवावी लागली. एअर इंडियाला रशियावरून जाता येते व आम्हाला येत नाही, ही स्पर्धा न्याय्य नव्हे, असा गिल्ला अमेरिकन कंपन्यांनी केला. त्या जवळच्या वाटेचीही किंमत असते, हे जून २०२३ मध्ये दिसून आले. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकावरील मगदान येथे उतरले, आणि दोनशेहून अधिक उतारूंना दुसरे विमान येईपर्यंत तेथे मुक्काम ठोकावा लागला. पुढे तीनच वर्षांत चाक फिरले. अमेरिकन कंपन्यांना पाकिस्तानचे आकाश मोकळे होते आणि आपल्याला बंद. परक्याच्या भांडणातून मिळालेला फायदा आपल्या भांडणात गमावला, असा हा हिशेब आहे.

गोव्याच्या वाचकांना या विषयाकडे परका म्हणून पाहता येणार नाही. १९५५ साली भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वे बंद पडली, आणि पोर्तुगीज राजवटीने विमानांचा आश्रय घेतला. दाबोळी विमानतळ व ‘टी. ए. आय. पी.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी पोर्तुगीज इंडियाची विमान कंपनी ही दोन्ही त्याच काळाची अपत्ये. भारताच्या भूमीवरून जाण्याची सोय नसल्यामुळे दाबोळीहून कराचीला जाणारी विमाने भारतीय किनारा टाळून अरबी समुद्रावरून जात. नकाशावर दाबोळी ते कराची ही रेघ सुमारे १,२७० किलोमीटरांची भरते, पण ती सौराष्ट्राच्या टोकाला घासून जाते, म्हणून विमानाने समुद्राकडे बाक द्यावयाचा. दिल्लीचे सरकार रस्ते व रूळ बंद करू शकले, समुद्रावरचे आकाश बंद करणे त्याच्या हाती नव्हते. १८ डिसेंबर १९६१ च्या रात्री, भारतीय विमानदलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बाँबफेक केल्यानंतरही, अंधारात घाईघाईने डागडुजी करून जी दोन विमाने निसटली, ती याच पाण्यावरून कराचीला गेली. त्या नाकेबंदीच्या काळात सोसावे लागले ते येथील सामान्य माणसालाच, आणि मुक्तीसाठी तेही पत्करले पाहिजे असे मानणारी असंख्य घरे येथे होती. म्हणूनच कोणतेही दार कधीच लावू नये, असा भाबडा उपदेश आम्ही करणार नाही. दार कशासाठी लावले आहे व त्यातून काय साधणार आहे, एवढे विचारण्याचा अधिकार मात्र त्या अनुभवाने आम्हास दिला आहे.

आता वळशाची किंमत कशी चढते ते पाहू, कारण ती वाटते तितकी सरळ नाही. या मार्गावर वापरल्या जाणाऱ्या मोठ्या बोइंग ७७७ विमानास तासाला साडेसात टनांच्या आसपास इंधन लागते. वाट एका तासाने लांबली की साडेसात टन अधिक भरले, एवढ्यावर भागत नाही. ते जादा इंधन पंधरा तास आकाशात वाहून न्यावयाचे असते आणि ते वाहण्यासाठीच आणखी इंधन जळते. विमानाने किती वजन घेऊन उडावे याला मर्यादा आहे. ती आली की मालाची खोकी खाली उतरतात, नंतर उतारूंच्या जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात. तेवढ्यानेही भागले नाही तर वाटेत कोठेतरी उतरून टाकी भरणे क्रमप्राप्त होते. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची कितीतरी विमाने २०२५ मध्ये व्हिएन्ना आणि कोपनहेगन येथे अशी थांबत असत. एकदा उतरले म्हणजे विमानतळाचे शुल्क आले. वैमानिकाने सलग किती तास काम करावे यालाही नियम असल्यामुळे दुसऱ्या वैमानिकांचा संच तयार ठेवावा लागतो. बंदी वर्षभर टिकल्यास सुमारे साठ कोटी डॉलर जादा खर्च येईल, असा एअर इंडियाचा अंदाज असल्याचे वृत्त मे २०२५ मध्ये आले. १ सप्टेंबर २०२५ पासून तिची दिल्ली–वॉशिंग्टन सेवा बंदच झाली. त्यामागे विमानांच्या तुटवड्याचेही कारण होते, पण आकाशबंदीचे कारण कंपनीने स्वतःच सांगितले.

मुंबईची स्थिती दिल्लीपेक्षा बरी, कारण मुंबईला समुद्र आहे. मुंबईचे विमान अरबी समुद्रावर जाऊन ओमानकडे वळू शकते व तेथून आखाताच्या बाजूने पश्चिमेची वाट धरू शकते. दिल्लीच्या विमानाला मात्र आधी खाली गुजरातकडे येऊन मग समुद्र गाठावा लागतो. पण आखाताची वाटही कोणी आंदण दिलेली नाही. १३ जूनला इराणचे आकाश मिटले, आणि दहाच दिवसांनी, २३ जूनच्या संध्याकाळी, कतारने आपले आकाश काही तास बंद केले तेव्हा दोह्याकडे निघालेली विमाने वाट फुटेल तिकडे वळली. गोव्याचे अनेक लोक युरोप-अमेरिकेला आखातातूनच जातात. गोव्याहून लंडनजवळच्या गॅटविकला थेट जाणारी एअर इंडियाची सेवा त्याच महिन्यात, २१ जूनपासून, स्थगित झाली. अपघातानंतरच्या कसून तपासण्या व मध्यपूर्वेतील आकाशबंदीमुळे लांबलेला प्रवास, अशी दोन्ही कारणे कंपनीने दिली होती. सुरक्षिततेच्या तपासणीबद्दल तक्रार करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु विमाने अपुरी पडू लागली की कोणत्या मार्गावर पहिली कात्री चालते, हे त्यावरून समजते. दिल्ली-मुंबईची फेरी कमी होते, गोव्याची बंद होते.

यावर कोणी म्हणेल की, तास-दोन तासांनी काय बिघडते? अमेरिकेला जाणारे लोक सुखवस्तू, त्यांनी थोडी कळ सोसावी. सहलीला निघालेल्यांच्या बाबतीत आम्हीही तेच म्हणू. परंतु पेडणे, डिचोली, फोंडा या तालुक्यांतील असे किती वाडे आज आहेत की ज्यांतील एकही मूल समुद्रापलीकडे नाही? पहाटे फोन वाजतो, आई गेल्याचे कळते. न्यूयॉर्कजवळ नोकरी करणारा मुलगा त्याच क्षणी निघाला तरी विमानतळ गाठणे, सुटणाऱ्या विमानाची वाट पाहणे, चौदा-पंधरा तासांचा प्रवास, मुंबईला तपासणी, तेथून मोपा किंवा दाबोळीचे विमान आणि मग घराची वाट हे सगळे धरून तीस तास कोठेच जात नाहीत. घरात चूल पेटलेली नसते. शेजारी येऊन बसलेले असतात. शवागारात ठेवावे की संध्याकाळपूर्वी उरकून घ्यावे, यावर घरातली वडीलधारी माणसे हलक्या आवाजात बोलत असतात, आणि भटजी तिथीकडे पाहत असतात. मुलाने चितेला अग्नी द्यावा ही आपल्याकडची रीत. विमान जर व्हिएन्नाला इंधनासाठी थांबले आणि त्यामुळे मुंबईचे पुढचे विमान चुकले, तर तीन तासांच्या उशिराचा एक दिवस होतो. मग अग्नी पुतण्या देतो, आणि मुलगा येतो तो अस्थी घ्यावयास. विमान कंपनीच्या ताळेबंदात हा खर्च कोठे मांडलेला नसतो.

म्हणून आमची पहिली मागणी विमान कंपन्यांकडे आहे. ज्या काळात वळसा घ्यावा लागणार हे महिनाभर आधी ठाऊक असते, त्या काळातील तिकिटे विकताना वाटेत कोठे थांबणार, किती तास लागणार आणि पुढचे विमान चुकल्यास जबाबदारी कोणाची, हे उतारूला ठळक अक्षरांत सांगितले पाहिजे. घरच्या माणसाच्या मृत्यूमुळे निघालेल्या उतारूला मुंबईहून पुढच्या विमानात आधी जागा देण्याने कोणाचे दिवाळे निघणार नाही.

दुसरी गोष्ट सरकारची. पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानशी कोणत्याही सलगीची भाषा कोणी करावी, असे आमचे म्हणणे नाही. ज्यांनी ही माणसे मारविली त्यांना जरब बसावी, ही प्रत्येक भारतीयाची इच्छा आहे. प्रश्न एवढाच आहे की, आकाशबंदीने जरब बसते काय? पाकिस्तानच्या संरक्षण मंत्रालयाने त्यांच्या संसदेत सांगितल्याप्रमाणे २४ एप्रिल ते ३० जून २०२५ या काळात त्यांचे ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांचे उत्पन्न बुडाले. एवढे सोसूनही त्यांनी मुदत वाढवीत नेली. आपल्या बाजूचा खर्च त्याच्या कित्येक पट आहे, कारण पाकिस्तानवरून पश्चिमेला जाणारी आपली विमाने पुष्कळ आणि भारतावरून पूर्वेला जाणारी त्यांची थोडी. १९७१ मध्ये हे हत्यार आपल्या हाती धारदार होते. आज त्याची मूठ कोणाच्या हातात आहे आणि पाते कोणाकडे, याचा विचार भावनेचा उमाळा ओसरल्यावर तरी व्हावयास हवा. बंदी ठेवावयाची असेल तर ती अवश्य ठेवावी, पण तिचे बिल जनतेपुढे मांडून ठेवावी. विमान कंपन्यांना भरपाई द्यावयाची की नाही हा दिल्लीतील वाटाघाटींचा विषय असेल, उतारूच्या तिकिटात ती गुपचूप घालणे मात्र योग्य नव्हे.

गोव्याच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. मोपा येथे जानेवारी २०२३ पासून नवा विमानतळ सुरू झाला, दाबोळीही चालू राहिला, आणि दोन-दोन विमानतळ असलेले चिमुकले राज्य म्हणून आपण मिरवू लागलो. परंतु समुद्रापलीकडे थेट जाणारी लांब पल्ल्याची सेवा पहिल्या फटक्यासरशी थांबत असेल, तर गोमंतकीयाचे न्यूयॉर्कपर्यंतचे अंतर मुंबईच्या माणसापेक्षा निदान अर्ध्या दिवसाने जास्तच राहणार. नव्या सेवा मागताना पर्यटकांची संख्या पुढे केली जाते. पर्यटक गोव्याऐवजी दुसरीकडे जाईल. येथल्या घरातला मुलगा कोठे जाईल, हे विमान वाहतूक मंत्रालयाला कोणीतरी सांगितले पाहिजे.

ते सांगण्याचे काम ज्यांचे आहे ते गोव्याचे लोकसभेतील दोन व राज्यसभेतील एक सदस्य यांनी येत्या अधिवेशनात एक साधा प्रश्न विचारावा. एप्रिल २०२५ पासून आकाशबंदीमुळे कोणत्या मार्गावर किती तास वाढले, किती फेऱ्या रद्द झाल्या, किती वेळा वाटेत थांबावे लागले आणि त्यांत गोव्याचा वाटा किती? २०१९ साली ४९१ कोटींचा आकडा देशाला कळला तो राज्यसभेत कोणीतरी विचारला म्हणून. मंत्रालयाने तो आपण होऊन छापलेला नव्हता.